कराडकडची एक गाडीखरेदी: शोरूमची, यार्डातली की मास्तरांची?

2025 च्या गणपतीत आरती आटोपल्यावर दादाने विषय काढला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, वय 47, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घर कराडपासून 14 किलोमीटरवर, पाटणच्या रस्त्याला. घरात आत्या, वहिनी, बारावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. आत्याच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, डाव्याची आज ना उद्या करायचीच. एसटीची पायरी तिला चढवत नाही आणि रिक्षात पाय दुमडून बसवत नाही. "गाडी घ्यायचीच आहे. नवी घेऊ का जुनी, तेवढं तू सांग," दादा म्हणाला.

मला विचारायचं कारण, मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. वीस वर्षं आपटलेल्या, जळालेल्या, बुडालेल्या गाड्या बघतोय. त्यामुळे गाड्यांबद्दलचं माझं मत थोडं काळवंडलेलं असतं. धडधाकट गाडी माझ्याकडे कधी येतच नाही.

पैशाची स्थिती अशी होती. बचत 3 लाख. घराच्या कर्जाचा हप्ता, घरखर्च, मुलाची शिकवणी आणि येऊ घातलेल्या गाडीचं पेट्रोल धरून पगारातून महिन्याला 14,000 उरत होते. पण जूनमध्ये मुलीची बारावी संपून इंजिनिअरिंगची भानगड सुरू होणार होती. सांगलीला प्रवेश मिळाला तर हॉस्टेल, मेस आणि वरखर्च मिळून महिन्याला 8,500 दादाने धरले होते. हा आकडा त्याने पहिल्या दिवशी मला सांगितलाच नाही. दोन महिन्यांनी सांगितला, आणि मग सगळं गणित फिरलं.

किती चालणार?

घरात प्रत्येकाच्या तोंडी गाडीचं एकेक नाव तयार होतं, पण ती वर्षाला किती चालणार ते कोणीच मोजलं नव्हतं. म्हणून मुलीच्या रफ वहीत मांडलं. आत्याच्या डॉक्टर आणि फिजिओथेरपीच्या कराडला महिन्यात सहा-सात फेऱ्या, जाऊन-येऊन 28 किलोमीटर. वहिनींचं माहेर विट्याला, महिन्याकाठी एक फेरी. पुढच्या वर्षीपासून सांगलीची महिन्याला एक. लग्नं, जत्रा, ज्योतिबा, कोल्हापूर. सगळी बेरीज वर्षाला 7,000 किलोमीटरच्या आसपास आली. शाळेत दादा दुचाकीवरच जाणार.

7,000 किलोमीटर म्हणजे फार कमी. या आकड्यानेच अर्धे वाद मिटवले. शेजारचे काका सीएनजीसाठी हटून बसले होते. पेट्रोलला वर्षाचे साधारण 400 लिटर, लिटरला 104 रुपये धरले तर 42,000 च्या आत. सीएनजीवर यातले 18,000 वाचले असते, पण गाडीच नव्वदेक हजारांनी महाग. म्हणजे पाच वर्षं फक्त फरक फेडण्यात जाणार. आणि डिकीत टाकी बसली की आत्याचा वॉकर ठेवायचा कुठे? हा प्रश्न वहिनींनी विचारला आणि काका गप्प झाले.

गाडी घेऊच नये, लागेल तेव्हा भाड्याची बोलवावी, हाही पर्याय मी मांडला होता. किलोमीटरला 14 रुपये दराने वर्षाचे 98,000 होतात. जवळच्या फेऱ्यांना किमान भाडं लागतं, ते धरून सव्वा लाखापर्यंत. स्वतःच्या गाडीचा वर्षाचा खर्चही जवळपास तितकाच निघतो, हे पुढे दिसेलच. पण आत्या म्हणाली, "रात्री छातीत दुखायला लागलं तर कुणाचं दार वाजवू?" हा पर्याय तिथेच संपला. माझ्या मते तो संपायला नको होता. शहरात राहणाऱ्या आणि घरात म्हातारं माणूस नसलेल्या कितीतरी लोकांना तोच बरोबर पडेल.

शोरूम

गणपती उठायच्या आतच, 3 सप्टेंबरला, जीएसटी परिषदेचा निर्णय आला. 22 सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा कर 28 टक्के अधिक उपकर यावरून 18 टक्क्यांवर उतरला. छोटी म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल असेल तर इंजिन 1200 सीसीपर्यंत. दादाला हवी होती वॅगन आर, कारण तिची बैठक उंच. आत्या तिच्यात वाकून शिरत नाही, सरळ टेकते. तिच्या किमती व्हेरिएंटनुसार ऐंशी हजारांपर्यंत खाली आल्या होत्या. आम्ही दसरा गर्दीत जाऊ दिला आणि नंतर शोरूमला गेलो.

तिच्या व्हीएक्सआय या पेट्रोल व्हेरिएंटचं कोटेशन आलं 6,75,000 चं. कोटेशन खालून वर वाचावं, अशी माझी सवय आहे. खाली होते ॲक्सेसरीज किटचे 16,000, कोटिंगचे 10,000 आणि हँडलिंगच्या नावाखाली 4,000. सीट कव्हर आणि मॅट कराडात निम्म्या पैशात मिळतात, कोटिंगची गरज नाही, आणि हँडलिंग कशाचं, असं विचारल्यावर सेल्समनने स्वतःच ते खोडलं. राहिले 6,45,000. त्यात एक्स-शोरूम साडेपाच लाखांच्या आसपास, त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर 11 टक्के म्हणजे साठ हजारांवर, विमा 29,000 आणि उरलेलं नोंदणीचं.

ह्या 11 टक्क्यांबद्दल लोक बोलत नाहीत, पण नव्या-जुन्याच्या हिशेबात ते मोठे आहेत. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला पहिला मालक हा कर एकदाच भरतो. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर दुसऱ्याला तो भरावा लागत नाही. म्हणजे जुनी गाडी घेणाऱ्याला हे साठ हजार आयते मिळतात. परराज्यातली स्वस्त गाडी आणली तर मात्र इथला कर भरावा लागतो. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात म्हणून धावणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

नव्या गाडीच्या बाजूने बोलायला भरपूर होतं. तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठीच बनवलेलं इंजिन. आणि सहा एअरबॅग, त्याही सगळ्या व्हेरिएंटमध्ये.

सेल्समन चलाख होता. साडेचार लाखांच्या कर्जाला 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी 9,341 चा हप्ता बसत होता. दादाचा चेहरा पाहून त्याने लगेच सात वर्षांची मुदत काढली: हप्ता 7,240. "सर, दिवसाला अडीचशेसुद्धा नाही." व्याज 1,10,000 वरून 1,58,000 वर जातं, ते तो बोलला नाही. खालचं व्हेरिएंट घेतलं तरी पाच वर्षांचा हप्ता आठ हजारांवर राहत होता.

यार्ड

परतताना कोल्हापूर रस्त्यावरच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात थांबलो. तिथे एक हॅचबॅक दादाच्या मनात भरली. 2018 चं मॉडेल, एमएच-10 म्हणजे सांगली पासिंग, मीटरवर 38,000 किलोमीटर, किंमत 3,60,000. पांढरी शुभ्र, टायर नवे, सीट कव्हर नवं, खाली फ्लोअर लॅमिनेशनही नवं. आत बसलो तर सुगंधी बाटलीचा वास असा की डोळ्यांत पाणी यावं.

सात वर्षांच्या गाडीला खालपासून वरपर्यंत सगळं नवं का लागावं?

मी ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढून काढला. रोजच्या वापरात जो भाग कधी बाहेर येत नाही, तिथे पट्ट्यावर आडवी, चहाच्या डागासारखी रेघ होती. मग टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं. पत्र्याच्या पट्ट्यांवर आणि स्क्रूंच्या डोक्यांवर गंज. सीट ज्या रुळांवर सरकते त्यांचे बोल्ट लाल झालेले. स्टेपनी उचलली तर तिच्या खड्ड्याच्या कडेला वाळलेला, बोटाने पीठ होणारा बारीक गाळ. वायरिंगच्या एका जोडात हिरवट बुरशी दिसली, म्हणजे तांबं खाल्लं गेलंय. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. इथे तो पेटलाच नाही. त्याची जोडणीच कोणीतरी काढून ठेवली होती. एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबा बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, तळाशी असतो. पाणी आत आलं की तो लवकर जातो.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. पाणी ओसरल्यावर आम्ही सर्व्हेअर रोज सकाळी निघायचो आणि संध्याकाळपर्यंत चिखलाने माखलेल्या गाड्या मोजायचो. पाणी कुठवर चढलं, हाच आमचा पहिला प्रश्न: फ्लोअरपर्यंत, सीटपर्यंत की डॅशबोर्डपर्यंत. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की ती पूर्ण नुकसान धरायची. मालकाला त्याचे पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. घेणारा तो धुतो, वाळवतो, चालेल इतपत जुळवतो आणि पाण्याची आठवण नसलेल्या गावी नेऊन विकतो. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं तेव्हाही हेच झालं. अशी गाडी सहा महिने गोड चालते. मग एका पावसाळ्यात काच खाली होत नाही, पुढच्यात स्टार्टर दगा देतो, आणि वायरमनला रोग सापडत नाही कारण तो एका जागी नसतोच.

खात्री कागदाने केली. नंबर टाकून परिवहनच्या ॲपवर नोंद पाहिली, यार्डवाल्याकडून सर्व्हिसचा इतिहास मागवला. अधिकृत सर्व्हिस सेंटरची शेवटची नोंद जुलै 2019 ची, त्यानंतर काहीच नाही. डिसेंबर 2019 मध्ये मालकी दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाच्या नावे. विमा जानेवारी 2020 पासून वेगळ्याच कंपनीचा. सांगलीची गाडी, पुराच्या आधीच्या महिन्यात शेवटची सर्व्हिस, पुरानंतर चार महिन्यांत विक्री. यापुढे मला काही पाहायचं नव्हतं.

यार्डवाला शांतपणे म्हणाला, "पुराची नाही साहेब, नुसती धुतलीय." मग भाव उतरवायचं सोडून त्याने जीएसटी काढला: "आम्हालाच अठरा टक्के पडतो." पडतो खरा, पण गाडीच्या पूर्ण किमतीवर पडत नाही. जानेवारी 2025 पासून जुन्या गाडीच्या व्यापाऱ्याला 18 टक्के कर आहे तो त्याच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर. आणि एका माणसाने दुसऱ्याला स्वतःची गाडी विकली तर तो मुळीच लागत नाही.

न्यायाने सांगायचं तर सगळी यार्डं अशी नसतात. पण यार्डात दादाला एक गोष्ट कधीच विकत मिळाली नसती: गाडी कोणी, कुठे आणि कशी चालवली याची माहिती. त्यासाठी माणूस ओळखीचा लागतो.

मास्तरांची गाडी

असा माणूस दादाच्या मोबाईलमध्येच होता. दादा पहिल्या शाळेत रुजू झाला तेव्हाचे मुख्याध्यापक, आता निवृत्त, साताऱ्यात राहतात. मुलगा बेंगळुरूला, मोतीबिंदूनंतर रात्रीचं ड्रायव्हिंग बंद. मार्च 2022 ची वॅगन आर व्हीएक्सआय, एकच मालक, 31,000 किलोमीटर. दिवाळीच्या फराळाच्या निमित्ताने दादाने फोन केला आणि मास्तर म्हणाले, "विकायचीच आहे रे, पण ओळखीत द्यायची आहे."

ओळखीतली गाडी म्हणजे तपासायची नाही, असं दादाला वाटत होतं. मी म्हटलं, मास्तर सरळ आहेत, पण गाडीच्या आत काय चाललंय हे त्यांनाही माहीत नसतं. सकाळी सातला, इंजिन गार असताना पोचलो. पहिल्या फटक्यात सुरू झाली, धूर नाही. टायरच्या कडेवरच्या चार अंकी आकड्यात शेवटचे दोन म्हणजे तो बनल्याचं साल; ते 22 होते, चारही टायरवर. म्हणजे टायर मूळचेच. त्यांची झीज 31,000 ला शोभणारी, ब्रेकच्या पॅडलच्या रबराचीही तशीच. मीटर मागे फिरवलेला असता तर या दोन्हींतून चुगली झाली असती. सीट बेल्ट इथेही पूर्ण ओढला, मास्तरीणबाई दारातून "हे काय करतायत?" अशा नजरेने पाहत होत्या. नंतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन लिफ्टवर चढवली. मागच्या बंपरची एक छोटी दुरुस्ती सोडली तर काही नव्हतं. वॉरंटी मात्र मार्च 2024 मध्येच संपलेली. तेव्हा ती दोन वर्षांचीच होती.

एअरबॅग दोन. इथे वहिनींनी मला अडवलं. "भाऊजी, नवीला सहा आणि हिला दोन. मुलं मागे बसणार." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी दिलंही नाही. एवढंच सांगितलं की जुन्या गाड्यांमध्येसुद्धा तारीख बघून निवडता येतं. चालकाची एअरबॅग सगळ्या गाड्यांना जुलै 2019 पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची डिसेंबर 2021 च्या अखेरपासून. म्हणजे 2022 च्या गाडीत दोन तरी हमखास असतात. 2018 च्या त्या यार्डातल्या गाडीत एक असती तरी चालली नसती. मागच्या सीटचे बेल्ट लावायची शिस्त घरात लागेल, असं दादाने कबूल केलं. सहाची बरोबरी त्याने होत नाही.

दुसरी धाकधूक पेट्रोलची. ही गाडी 20 टक्के इथेनॉलच्या आधीच्या काळातली. मायलेज थोडं घटतं आणि काही जुन्या गाड्यांत रबरी भाग, गॅस्केट लवकर बदलावे लागतील, हे सरकारनेही मान्य केलं आहे. मी लिटरमागे एक किलोमीटर कमी धरला. वर्षाला 7,000 किलोमीटरवर त्याचे जेमतेम अडीच हजार होतात.

भाव हा खरा कठीण भाग. मास्तरांच्या पुतण्याने कुठल्याशा वेबसाईटवर पाहून 4,75,000 सांगितले होते. दादाची आपल्या पहिल्या मुख्याध्यापकाशी घासाघीस करायची टाप नव्हती. तो चहाच्या कपात बघत बसला. म्हणून मीच बोललो: सर, पुतण्याने पाहिलेला भाव सप्टेंबरच्या आधीचा आहे. नवी गाडीच ऐंशी हजारांपर्यंत उतरली, तर जुनीने जागेवर कसं राहायचं? शिवाय वर्षभरात चार टायर बदलावे लागतील, त्याचे 18,000. बॅटरी पहिलीच आहे.

मास्तर गणिताचे. म्हणाले, "तोंडी नको, लिहून दे." मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावून बेरीज-वजाबाकी तपासली आणि माझी 3,000 ची चूक काढली, जी त्यांच्याच बाजूची होती. ती दुरुस्त करून कागद परत माझ्याकडे सरकवला. "आता बरोबर आहे," म्हणाले. व्यवहार 4,10,000 ला ठरला.

सात वर्षांचा हिशेब

घरी येऊन दोन्ही गाड्या एकाच मापाने मोजल्या. सात वर्षं ठेवायची, वर्षाला 7,000 किलोमीटर. नव्याजुन्यात समान असलेलं पेट्रोल बाजूला ठेवलं.

नवी: किंमत 6,45,000, व्याज 1,10,000, पुढच्या वर्षांचा विमा 80,000, सर्व्हिस-टायर-बॅटरी 75,000. सात वर्षांनी 2,60,000 ला जाईल असं धरलं. निव्वळ खर्च साडेसहा लाख.

मास्तरांची: किंमत, नावावर करणं आणि लगेचची कामं मिळून 4,35,000. त्यातले अडीच लाख शिक्षकांच्या पतसंस्थेतून साडेदहा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, व्याज 72,000. विमा 60,000. दुरुस्त्या नव्यापेक्षा 60,000 ने जास्त, म्हणजे 1,35,000. कमी मायलेजचे 17,000. सात वर्षांनी येणारे 1,30,000. निव्वळ खर्च 5,89,000.

फरक 61,000. सात वर्षांत! महिन्याला सव्वासातशे रुपये.

मला स्वतःला हे अपेक्षित नव्हतं. 'जुनी घ्या, लाखो वाचतील' असं मीही चारचौघांत सांगत आलो होतो. वाचतात, पण गाडी तीन-चार वर्षांत बदलणाऱ्याचे. मास्तरांचं गणित बघा: 2022 मध्ये गाडी त्यांना 6,70,000 च्या आसपास पडली होती, विकली 4,10,000 ला. साडेतीन वर्षांत 2,60,000, म्हणजे वर्षाला सत्तरेक हजार नुसती घसरण. दादा पुढची सात वर्षं वर्षाला चाळीस हजार घसरण सोसणार. पण नवी घेऊन ती सात वर्षं झिजवली तर पहिल्या वर्षांची आपटी लांबच्या मुदतीत पसरते, वॉरंटीमुळे दुरुस्ती वाचते आणि कर्जही स्वस्त मिळतं. जुन्याचा फायदा तिथे विरघळतो. माझे अंदाज दहा-वीस हजारांनी चुकले तरी चित्र तेच राहतं.

सव्वासातशे रुपयांत तीन वर्षांची निर्धास्ती आणि चार जास्त एअरबॅग मिळत असतील, तर नवीच घ्यावी. मी दादाला तसं सांगितलंसुद्धा. तेव्हा त्याने हॉस्टेलचे 8,500 बाहेर काढले.

14,000 मधून 8,500 गेले की राहतात 5,500. नव्या गाडीचा हप्ता 9,341. सात वर्षांचा लांबवला तरी 7,240. मास्तरांच्या गाडीचा हप्ता 5,374. डाउन पेमेंट दोन्हीकडे सारखंच, नव्याला 1,95,000 आणि जुन्याला 1,85,000, त्यामुळे बचतीतून प्रवेशासाठी लाखभर दोन्हीकडे उरत होते. भांडण होतं ते दर महिन्याच्या चार हजारांचं. एकूण खर्चात जवळपास बरोबरीत असलेल्या दोन गाड्या महिन्याच्या एक तारखेला मात्र बरोबरीच्या नव्हत्या. वहिनी म्हणाल्या, "मेसचे पैसे चुकवून एअरबॅग नको." ठरलं.

मुलीचं शिक्षण दोन वर्षं लांब असतं तर मी नवी घ्यायला लावली असती, आणि आजही माझं तेच मत आहे.

कागद

किल्ली घ्यायला मात्र महिना लागला. मास्तरांचं कर्ज मार्चमध्येच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. बँकेने तेव्हा दिलेली एनओसी त्यांनी कपाटात ठेवली आणि तिची तीन महिन्यांची मुदत निघून गेली. नवी मिळायला तीन आठवडे. दादा म्हणाला, "गाडी आणूया, कागद होत राहतील." मी नाही म्हटलं, आणि या एका बाबतीत मी ओळखीलाही जुमानत नाही. आरसीवर ज्याचं नाव, अपघातात भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते; सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. दादाच्या हातून काही झालं असतं तर नोटीस साताऱ्याला गेली असती.

बोजा उतरवायला फॉर्म 35, साताऱ्याची एमएच-11 गाडी कराडच्या एमएच-50 कार्यालयात न्यायची म्हणून फॉर्म 28, मालकी बदलायला 29 आणि 30. नंबर तोच राहतो. ई-चलान तपासली, महामार्गावरच्या वेगाची दोन निघाली. ती मास्तरांनी थोडं लाजत भरली. 11,000 टोकन आधीच दिलं होतं, बाकीची रक्कम बोजा उतरल्यावर खात्यावर. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या.

विम्यात लोक हमखास ठेचकाळतात. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप येत नाही. 14 दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं. मास्तरांना मिळालेली 35 टक्क्यांची नो क्लेम सवलत त्यांची स्वतःची, गाडीची नाही. दादाला उरलेल्या महिन्यांचा फरक भरावा लागला. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली म्हणून परत पाठवलेले क्लेम मी इतके पाहिलेत की त्या दिवशी विम्याच्या ऑफिसात मीच दादाला घेऊन गेलो.

27 नोव्हेंबरला, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, गाडी घरी आली. मास्तरांनी डॅशबोर्डवरचा गणपती ब्लेडने हलक्या हाताने सोडवून घेतला. चौकोनी चिकट डाग तेवढा राहिला.

आणि इतकं सगळं तपासून मी एक गोष्ट विसरलोच: दुसरी किल्ली. ती मास्तरांकडे सापडेना. दादाने 6,500 मोजून नवी करून घेतली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी आमच्या धंद्याचं नाव काढलं नाही. जानेवारीत आरसी आली त्याच आठवड्यात मास्तरांचा फोन आला. किल्ली मास्तरीणबाईंच्या पैठणीच्या घडीत होती. आता घरात तीन किल्ल्या आहेत. एक दादाकडे, एक वहिनींकडे, आणि तिसरी आत्याने देवघराच्या खणात ठेवलीय. गाडी तिला चालवता येत नाही, पण ती कोणाला देत नाही.